डोनेशन, दान, देणगी की देणं?

नवी पेठ (प्रश्न माझा)

आमचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं आणि अलीकडे मुख्यतः फ्लेक्स. गेल्या आठवड्यात एक जुनं गिऱ्हाईक आलं. त्यांचा यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे, टॉवेल काढतात. मुलगा अमेरिकेत एमएस करून तिथेच नोकरीला लागला. त्याने आपल्या विद्यापीठाला पाचशे डॉलर पाठवले आणि विद्यापीठाकडून आभाराचं पत्र आलं. वडिलांना त्याचा फ्लेक्स हवा होता, सहा बाय चार, मुलाचा पदवीच्या टोपीतला फोटो टाकून. मजकूर त्यांनीच सांगितला : 'अमेरिकेतील विद्यापीठास डोनेशन दिल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मी म्हटलं, मालक, शब्द बदलू या का? तर म्हणाले, "लोकांना कळणारा शब्द ठेवा की ओ."

ठेवला. तिसऱ्या दिवशी तोंड पाडून परत आले. चौकातल्या चहावाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं होतं, "किती बसलं?" एकाने तर वर ऐकवलं, "पोरगं हुशार आहे म्हणत होतात की!"

नवा फ्लेक्स मी फुकट करून देणार आहे. पण आधी सांगा, शिकून बाहेर पडलेल्या माणसाने आपल्या विद्यापीठाला दिलेल्या पैशाला मराठीत म्हणायचं काय?

जुळे सोलापूर

डोनेशन छापलंत तिथेच फ्लेक्स वाया गेला. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी झाली, आणि पुढच्या काही वर्षांत या शब्दाने मराठीत कूस बदलली. क्रियापदं बघा म्हणजे कळेल. देणगी देतात. डोनेशन भरतात, मोजतात, आणि ते 'बसतं'. 'मुलाला मेडिकलला किती बसलं?' यात बसला तो पैसा, मुलगा नव्हे. १९८७ च्या कायद्याने ही वसुली राज्यात बेकायदा ठरवली. कायद्यातला शब्द कॅपिटेशन फी. तो कुणाच्या तोंडी रुळला नाही, कारण तोंडात डोनेशन आधीच बसलेलं होतं.

गंमत अशी की दान आणि डोनेशन हे चुलत भाऊ. लॅटिनमधला 'दोनुम' आणि संस्कृतातलं दान एकाच 'दा' धातूच्या कुळातले. एक देवळात गेला, दुसरा ॲडमिशनच्या खिडकीशी.

बाळीवेस

मग दान लिहा, असं कोणी म्हणायच्या आत सांगतो, दानही लिहू नका. दानाला पात्र लागतं. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगताना देश, काळ, पात्र तर आहेच, पण त्याआधी 'अनुपकारी' हा शब्द आहे. ज्याने आपल्यावर उपकार केलेला नाही आणि ज्याच्याकडून परत काही यायचं नाही, त्याला दिलेलं ते दान. लगेच पुढच्या श्लोकात, उपकाराच्या बदल्यात किंवा फळावर डोळा ठेवून दिलेलं ते राजस. आता बघा, विद्यापीठाने पदवी दिली, पदवीवर नोकरी लागली. मग ते अनुपकारी कसं?

आमच्याकडे आणखी एक शब्द आहे, दासोह. बसवण्णांच्या शिकवणीत कायक आणि दासोह अशी जोडी येते. कष्टाने मिळवायचं आणि त्यातलं समाजाला पोचवायचं, पण पोचवणारा 'मी दिलं' म्हणत नाही. सिद्धेश्वरांच्या गावात हा शब्द आठवणारच. तरी फ्लेक्सवर छापू नका. फ्लेक्स लागला की 'मी' आला.

अशोक चौक

पात्राचा विषय निघालाच आहे म्हणून बोलतो. २०१० साली टाटा समूहातल्या कंपन्या आणि ट्रस्ट यांनी मिळून हार्वर्ड बिझनेस स्कूलला ५ कोटी डॉलर दिले. रतन टाटा १९७५ मध्ये तिथे एक अभ्यासक्रम करून आलेले. त्याच वर्षी आनंद महिंद्रांनी हार्वर्डच्याच मानव्यविद्या केंद्राला १ कोटी डॉलर दिले, आईच्या नावे. तेव्हा आमच्या इथे कारखान्यात चहाच्या सुट्टीत वर्तमानपत्र हातात घेऊन जो कालवा झाला तो मला आठवतो. एक जण म्हणाला, "हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! कंपनीचे पैसे, नाव मालकाचं." दुसरा म्हणाला, "काय बे, ज्याच्या घरात धान्य मावत नाही त्याच्या दारात पोतं नेऊन टाकतंय." तिसऱ्याचं म्हणणं, त्याचा पैसा, तो कुठेही देईल, तुझं काय जातं.

दुसऱ्याचं म्हणणं मला आजही पटतं. हार्वर्डची गंगाजळी आज पन्नास अब्ज डॉलरच्या वर आहे. २०१५ साली जॉन पॉल्सनने तिथे ४० कोटी डॉलर दिले तेव्हा खुद्द अमेरिकेतले लोक हेच म्हणत होते, की भरलेल्या घागरीत आणखी कशाला ओतायचं? म्हणजे ही कुरकुर एकट्या आपल्याकडचीच नाही.

शब्दाचं म्हणाल तर आमच्या तेलुगूत 'विराळम्' आहे, बाळीवेशीतल्या कानडी मंडळींकडे 'देणिगे' आहे. देणिगे म्हणजे आपली देणगीच की! सोलापुरात राहून कोणता शब्द कुठल्या गल्लीतून कुठे गेला ते विचारू नये.

बाळीवेस

टाटांबाबत एक बाजू राहिली. २००८ साली टाटांच्या ट्रस्टने कॉर्नेल विद्यापीठाला जे ५ कोटी डॉलर दिले त्यातले निम्मे तिथे शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी होते. पैसा गेला न्यूयॉर्क राज्यात, शिकलं कदाचित आपल्याच गल्लीतलं पोरगं. हे 'बाहेर' गेलं म्हणायचं का? आयकर खात्याशी यावरून वाद झाला, आणि २०२० मध्ये मुंबईच्या अपिलीय न्यायाधिकरणाने ट्रस्टच्या बाजूने निकाल दिला.

होटगी रोड (कर सल्लागार)

शब्दांचं मला फार कळत नाही, पावत्यांचं कळतं. 'इथल्या शाळेला का नाही दिले?' असं विचारणाऱ्यांनी जरा हिशोब बघावा. तो पोरगा अमेरिकेत कमावतो, तिथे कर भरतो. तिथल्या विद्यापीठाला दिलं तर तिथल्या करात वजावट मिळू शकते. सोलापूरच्या शाळेला थेट दिलं तर मिळत नाही. देणगीवरची आपल्याकडची ८० जी कलमाची करसवलत त्याला इथे करपात्र उत्पन्न असेल तरच उपयोगाची.

शिवाय त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे तोवर ठीक. एकदा तिथलं नागरिकत्व घेतलं की त्याचे पैसे विदेशी ठरतात, आणि शाळेकडे त्यासाठी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) २०२० साली झालेल्या दुरुस्तीपासून तर असे पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. साठ मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक दिल्लीत खातं उघडेल का? त्या कायद्याच्या हिंदी नावात मात्र एक झकास शब्द आहे, अभिदाय. मराठीत कोणी वापरताना पाहिला नाही. फ्लेक्सवर टाकला तर लोक औषधाचं नाव समजतील.

सोलापूर सोडून बारा वर्षं

मी देणाऱ्यांपैकी आहे म्हणून लिहितो. तुम्ही सगळे आकड्यांत बोलताय, ५ कोटी, ४० कोटी. आमच्यासारख्यांना संध्याकाळी विद्यापीठातून फोन येतो, फोनवर शिकणारंच एखादं पोर असतं. दहा डॉलर दिले तरी चालतात. कारण किती माजी विद्यार्थी देतात, हे शेकड्यातलं प्रमाण त्यांना मिरवायचं असतं. यू.एस. न्यूजच्या कॉलेजांच्या क्रमवारीत २०२३ मध्ये निकष बदलेपर्यंत त्याला गुण होते.

आता सांगा, जिथे रकमेपेक्षा डोकी मोजतात त्याला आपण काय म्हणतो? वर्गणी! गल्लीतल्या गणपतीला एकवीस रुपये दिले तरी नाव फळ्यावर लागतं, आणि नाही दिले तर 'त्या घरातून आली नाही' असं म्हणतात. मला तो फोन आला की दर वेळी चौकातला पावती पुस्तकवाला पोरगाच आठवतो. दोघांचा सूरही तोच, "काका, मागच्या वर्षी दिले होते की!"

जुळे सोलापूर

वर्गणी हे चांगलं सुचलं, पण वर्गणीला मंडळ आपलं असावं लागतं. सोलापूरकराला ते विद्यापीठ 'आपलं' वाटत नाही, राग तिथेच आहे.

आणि तिकडचं सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असंही नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकतं माप देण्यावरून तिथे वाद आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ती पद्धतच बंद केली. २०१९ साली श्रीमंत पालकांनी धर्मादाय संस्थेच्या नावाखाली पैसे चारून मुलांचे प्रवेश मिळवल्याचं प्रकरण गाजलं. तेव्हा नवी पेठवाले, तुमच्या चहावाल्याचा प्रश्न अगदीच अडाणी नव्हता.

साखर पेठ (निवृत्त शिक्षिका)

इतका वेळ वाचत होते. तुमच्या कोणाच्याच तोंडी साधा मराठी शब्द कसा आला नाही? देणं.

'गळा हे देवाचं देणं' म्हणतो तेव्हा देणं म्हणजे मिळालेली देणगी. 'दुकानदाराचं देणं राहिलंय' म्हणतो तेव्हा तेच देणं म्हणजे कर्ज. एकाच शब्दात दोन्ही. 'मी समाजाचं देणं लागतो' या वाक्यात तर दोन्ही अर्थ एकमेकांत असे मुरलेत की वेगळे काढता येत नाहीत. दानात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. देण्यात देणारा खाली असतो, कारण तो लागतो. आपल्याकडे ऋणं मोजली तीही याच हिशोबाने, देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. शिकलेल्या माणसावर ऋषिऋण असतंच.

आता चहाच्या टपरीवरचा राग समजून घ्या. त्या लोकांचं म्हणणं 'दान का केलंस' असं नाहीच मुळी. त्यांचं म्हणणं, 'देणं आमचं होतं, फेडलंस दुसऱ्याचं.' पोरगा पहिली ते दहावी इथल्या अनुदानित शाळेत शिकला, फी नावापुरती. अनुदान कोणाचं? या गावाच्या, या राज्याच्या करातलं. तिथे विद्यापीठात त्याने लाखांनी फी भरली, म्हणजे तिथला हिशोब एका परीने पुरा झालेला. टपरीवरचा माणूस व्यापारीच असतो, तो खातेवही बघतो. आणि खरं सांगते, मलाही या बाजूने थोडं वाटतं. शाळेतल्या पंख्याच्या पात्यावर नाव टाकायला पैसे देणारी माणसं होती, पण बाईंच्या पगाराला कधी कोणी दिले नाहीत.

तरीही त्या पोराला बोल लावू नका. परक्या गावात, परक्या भाषेत पहिल्यांदा ज्यांनी त्याला 'तू कर, जमेल' म्हटलं, त्यांचंही देणं असतं. फी भरली म्हणून ते फिटत नाही. आपण डॉक्टर कोटणीसांचा अभिमान धरतो. सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच देह ठेवला. 'इथल्या रोग्यांना सोडून तिथे कशाला?' असं गावात आज कोणी म्हणत नाही.

अशोक चौक

बाई, कोटणीसांनी स्वतःला दिलं, चेक नाही दिला. पण बाकीचं मान्य.

होटगी रोड

'दानत' हा शब्दही टाका की चर्चेत. 'द्यायला दानत लागते' म्हणतो ना आपण?

जुळे सोलापूर

लागते, पण तो दानातून आलेला नाही. अरबी-फारसी 'दियानत', म्हणजे सचोटी, इमान. मोल्सवर्थच्या कोशातही प्रामाणिकपणाच्याच अंगाने दिलाय. पुढे आवाजातल्या सारखेपणामुळे मराठीने त्याला दानाच्या पंक्तीला बसवलं.

जाता जाता कापडवाल्या गावासाठी एक. ज्याच्या नावाने येल विद्यापीठ ओळखलं जातं तो एलिहू येल मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर होता, आणि गैरव्यवहाराच्या आरोपांवरून पदावरून गेला. तो त्या कॉलेजात शिकलेलाही नव्हता. १७१८ साली त्याने मालाच्या नऊ गाठी, ४१७ पुस्तकं आणि राजाचं एक चित्र पाठवलं. माल विकून ५६२ पौंड आले आणि कॉलेजला त्याचं नाव लागलं. तुमच्या टॉवेलवाल्या मालकांना सांगा, नऊ गाठींत काम व्हायचं.

नवी पेठ (प्रश्न माझा)

सगळ्यांचे आभार. निकाल सांगतो.

बाईंचा शब्द मला इतका आवडला की मी मालकांना लगेच फोन केला : 'विद्यापीठाचे देणे फेडल्याबद्दल अभिनंदन.' ते दचकलेच. म्हणाले, "ते नको ओ. शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत, बँकेचा मॅनेजर त्याच चौकातून येतो-जातो. त्यांचं फेडलं आणि आमचं का नाही म्हणेल." दान, दासोह मी सुचवलेच नाहीत. वर्गणी म्हटल्यावर हसले. देणगीवर मालकीणबाई म्हणाल्या, देणगी म्हणजे मोठ्या लोकांची, पाचशे डॉलरला कसली देणगी!

शेवटी शब्दच काढून टाकला. 'अमेरिकेतील विद्यापीठास पाचशे डॉलर दिल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' काल संध्याकाळी लावला. आज सकाळी चहावाल्याने विचारलं, "रुपयांत किती?" ते सांगितलं, आणि दुपारी मुलाच्या जुन्या शाळेतले एक सर पावती पुस्तक घेऊन त्यांच्या घरी हजर. मालकांनी तिथूनच मला फोन लावला, "अहो, या पुस्तकावर तर देणगी म्हणूनच छापलंय, कुणी छापलं हे?"

खाली बारीक अक्षरात आमच्या दुकानाचं नाव आहे.