सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाची वाटणी कशी करावी?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली) :
आमच्या सोसायटीचा तलाव १५ मीटर लांबीचा असून एका टोकाला ३ आणि दुसऱ्या टोकाला साडेचार फूट खोल आहे. सकाळी ६ ते ८ या वेळेत स्पर्धेची तयारी करणारी मुले फेऱ्या मारतात आणि त्याच वेळी, गुडघेदुखीमुळे डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलेली ज्येष्ठ मंडळीही उतरतात. परवा बटरफ्लाय मारणाऱ्या मुलाच्या लाटेने माझ्या सासूबाईंच्या हातून कठडा सुटला. मुलाचे म्हणणे असे की, भिंतीला टेकून गप्पा मारणाऱ्या काकूंमुळे त्याला वळताच येत नाही. दोघांचेही खरे आहे. उथळ भाग ज्येष्ठांना व खोल भाग मुलांना, असा तोडगा कमिटीने सुचवला आहे. तो योग्य ठरेल का?

उत्तर १ :
मी फिजिओथेरपिस्ट आहे. या तोडग्यात नुकसान दोघांचेही आहे. कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचा साधारण निम्मा भार राहतो, तर छातीइतक्या पाण्यात तो जेमतेम तिसऱ्या हिश्शावर येतो. त्यामुळे ३ फुटांत गुडघ्यांना मिळणारा आराम अर्धवटच ठरतो. मुलांनाही ७ मीटरांत पोहण्यापेक्षा वळण्याचाच सराव अधिक होईल. म्हणून दोर आडवा न बांधता लांबीच्या दिशेने बांधावा आणि कठड्याकडचा पट्टा चालणाऱ्यांना द्यावा.

उत्तर २ (सातारा) :
दोर ठीक आहे. परंतु ज्येष्ठांनी सकाळचीच वेळ का धरावी? स्पर्धेसाठी पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस लागते, दुखऱ्या सांध्यांना मात्र त्याहून कोमट पाणी मानवते. थंडीत अकराच्या उन्हात उतरणे त्यांनाच सुखाचे होईल. (आम्ही लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकलो, तेव्हा असले वाद नव्हते, अर्थात तेव्हा आजीही पाण्यात उतरत नव्हती.)

प्रश्नकर्ती :
अकराची सूचना रास्त आहे, पण सासूबाईंना पायऱ्यांवरून हात धरून उतरवावे लागते आणि मी नऊला कामावर निघते. ज्यांना सोबत लागत नाही, त्यांनी हिवाळ्यात अकराला यावे, असे सुचवीन. काल नायलॉनच्या दोरीला पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बांधून लांबीचा पट्टा आखून पाहिला. लाट पूर्ण अडली नाही, मात्र मुले आपसूक पलीकडून पोहू लागली. गप्पांसाठी भिंत सोडून पायऱ्यांपाशी थांबायचे काकूंनी मान्य केले आहे. सर्वसाधारण सभेपुढे विषय मांडेपर्यंत हीच व्यवस्था ठेवतो.