शब्दचर्चा: ‘संघर्ष हिरे’ म्हणावं की ‘रक्तहिरे’?

आरमोरीहून:
आठवीत शिकवताना ‘संघर्ष हिरे’ हा शब्द आला. वैरागडची एक पोरगी म्हणाली, “सर जी, संघर्ष करून मिळवलेले हिरे का?” मी अडलो. आपल्याकडे संघर्ष मानाचा शब्द आहे. गावोगावी संघर्ष समित्या आहेत. ज्या हिऱ्यांवर बंडखोरांच्या बंदुका पोसल्या, त्यांना तो कसा शोभेल?

भद्रावतीहून:
सर, ‘रक्तहिरे’च म्हणा. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ यादवी चालली. तिथल्या कोनो जिल्ह्यातल्या हिऱ्यांच्या खाणींवर बंडखोरांनी माणसं वेठीला धरली, गावकऱ्यांचे हात तोडले. हिरे शेजारच्या लायबेरियात जायचे, तिकडून हत्यारं यायची. लायबेरियाचा माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर याला २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली. ‘संघर्ष’ म्हटलं की बरोबरीचे दोन गडी भिडल्यासारखे वाटते. हात तुटलेला माणूस कोणाशी भिडला होता?

नागभीडहून:
ताई, पटते. पण दोन्ही शब्दांचा अर्थ एक नाही. ‘संघर्ष हिरे’ ही किंबर्ली प्रक्रियेची, म्हणजे असे हिरे बाजारात येऊ नयेत म्हणून देशांनी केलेल्या व्यवस्थेची परिभाषा, २००३ पासूनची. सरकार उलथवायला निघालेल्या बंडखोरांना पैसा पुरवणारे कच्चे हिरे, एवढेच तिच्यात बसतात. २००८ मध्ये झिम्बाब्वेतल्या मारांगेच्या हिरे क्षेत्रात सैन्यानंच खाणीवरच्या लोकांवर गोळ्या झाडल्या. ते हिरे व्याख्येबाहेर राहिले, कारण मारणारे सरकारी होते. ‘रक्तहिरे’ म्हटलं की तेही आत येतात. व्याख्या सांगताना पहिला शब्द वापरा, माणसांबद्दल बोलताना दुसरा.

आरमोरीहून:
हे वर्गात सांगता येईल. आणखी एक. सिएरा लिओनच्या हिरेखाणींचे खड्डे समजावताना मी ‘बोडीसारखे’, म्हणजे आपल्या शेतातल्या लहान तळ्यासारखे, म्हणालो. चालेल?

नागभीडहून:
नका म्हणू सर. बोडीला पाळ असते, तिच्या पाण्यावर धानाच्या बांध्या पिकतात. तिथं नदीकाठची वरची काळी माती खरवडून फेकतात, खालची खडी उपसून चाळणीत धुतात. हिरे संपले की माणसं पुढं सरकतात, खड्डा उघडाच. पावसाचं पाणी साचते, डास होतात, मलेरिया होतो. गाळानं नदीही गढूळ होते. ‘पडीत’ म्हणायलाही मन धजत नाही, पडीत जमीन नांगराखाली परत येते.

भद्रावतीहून:
कोळसा खाणीच्या मातीचे डोंगर आम्ही रोज पाहतो. खालची माती वर आली की तिच्यात धड गवतही धरत नाही. आणि ती पोरगी वैरागडची म्हणता? त्या नावाचं मूळ ‘वज्राकर’, म्हणजे हिऱ्याची खाण, असं मानतात. प्राकृतात वज्राला ‘वइर’. तिथल्या खाणीची नोंद आईन-ए-अकबरीतही आहे. तिला हे नक्की सांगा.

आरमोरीहून:
उद्या फळ्यावर आधी ‘वइर’ लिहितो, मग ‘रक्तहिरे’. त्या खाणीत कोण उतरत होते, हे ती विचारेलच.