स्मिथ यांना धर्माने पाडले की दारूने?

जुनाजाणता: “१९२८ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे अल स्मिथ कॅथलिक होते म्हणून हरले, देशभर लागू असलेल्या दारूबंदीला त्यांचा विरोध हे निव्वळ निमित्त,” असे वैनगंगा यांनी काल ठोकून दिले आहे. न्यूयॉर्कच्या या गव्हर्नरांनी १९२३ मध्येच राज्याचा दारूबंदी अंमलबजावणी कायदा रद्द करणाऱ्या विधेयकावर सही केली होती आणि पक्षाच्या ह्यूस्टनच्या अधिवेशनात उमेदवारी मिळताच बंदीच्या कायद्यांत बदल हवा, अशी तार धाडली होती. निमित्त इतके ठसठशीत असते काय?

वैनगंगा: मग ओक्लाहोमात त्यांच्या आगगाडीच्या वाटेवर कू क्लक्स क्लॅन या कॅथलिकद्वेष्ट्या गोऱ्या संघटनेने क्रूस पेटवले, ते बिअरच्या निषेधार्थ होते, असे आपले म्हणणे दिसते!

तिरकस: दोन्ही एकच होते. बंदीच्या खटल्यांची सूत्रे सांभाळणाऱ्या मेबल विलेब्रांट या सरकारी अधिकारी ओहायोत मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या पाद्र्यांपुढे उभ्या राहून स्मिथविरोधी प्रचार करतात, यात धर्म कुठे संपला आणि कायदा कुठे सुरू झाला, ते कुणी दाखवावे. शिवाय बंदीने काय होते, ते आम्हा चंद्रपूरकरांना विचारा. २०१५ ते २०२१ या जिल्ह्यातल्या दारूबंदीच्या काळात आमच्या गल्लीत दुधाच्या कॅनमधून बाटल्या येत आणि ज्यांना घ्यायची ते दुप्पट पैसे मोजून घेत.

माहेरवाशीण: दुधाचे कॅन तेवढे दिसले! माझ्या मावशीच्या घरी नवऱ्याचा पगार बंदीनंतरच पहिल्यांदा अख्खा पोचला. बंदीसाठी चिमूरहून नागपूरला पायी गेलेल्या बायकांना कुठल्या पाद्र्याने पढवले नव्हते. बाटलीचे हिशेब पुरुषांनी मांडायचे आणि मार बायकांनी खायचा, हे अमेरिकेतही वेगळे नव्हते; तिथली चळवळही बायकांनीच उभी केली होती.

तिरकस: मावशींबद्दल आदर आहे, पण एका घरावरून जिल्हा ठरत नाही.

माहेरवाशीण: आणि एका गल्लीवरून ठरतो वाटते?

जुनाजाणता: चंद्रपूर आवरा. रिपब्लिकन उमेदवार हूवर यांना राज्यवार निर्वाचकांची ४४४ मते मिळाली, स्मिथ यांना ८७. त्या तेजीच्या वर्षात रिपब्लिकनांनी कुणालाही उभे केले असते तरी तो निवडून आला असता. धर्मच निर्णायक असता, तर कट्टर प्रोटेस्टंट अलाबामा आणि मिसिसिपी स्मिथ यांच्या मागे राहिले नसते.

वैनगंगा: दारू निर्णायक असती, तरीही राहिले नसते, ती राज्ये बंदीचीही तितकीच कट्टर होती. तिथे गोऱ्यांना गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाला मत देणे त्याहून जड गेले, एवढेच. तेजीचे म्हणाल, तर मान्य, आपले ज्ञान अगाध आहे. फक्त पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅट असलेल्या व्हर्जिनियाला हूवर यांच्या पदरात टाकण्यासाठी दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते मेथडिस्ट बिशप कॅनन गावोगाव शेअर बाजाराचे भाव वाचून दाखवत होते, असे मात्र सांगू नका.