मदत हवी आहे: बीअर सोमेलिए (कुठली बीअर कशाबरोबर घ्यावी हे सांगणारी जाणकार) व्हायचंय, मुंबईत तयारी कशी करू?

नमस्कार मंडळी. अंधेरीत एका हॉटेलात बारवर काम करते. वाइनबद्दल नीट सांगणारे आता बरेच भेटतात, पण बीअरची गोष्ट अजूनही 'स्ट्राँग की माइल्ड' इथेच थांबते. मला ते खटकतं. तळलेल्या बोंबलाबरोबर गव्हाची विटबिअर काय सुरेख लागते, हे गिऱ्हाइकाला कुणीतरी सांगायला हवं ना!

सिसरोन या बीअर जाणकारांच्या प्रमाणपत्र परीक्षेचा पहिला टप्पा, सर्टिफाइड बीअर सर्व्हर, ऑनलाइन देता येतो. 60 प्रश्न, पास व्हायला 75 टक्के. तो वाचून जमेल. घोडं अडलंय पुढच्या टप्प्यावर. सर्टिफाइड सिसरोनला एकूण 80 टक्के लागतात आणि चव ओळखण्याच्या भागात किमान 70. त्यात बीअरमधले दोष वासावरून ओळखायचे असतात: डायअसिटिल या रसायनाचा लोण्यासारखा वास, डीएमएसचा उकडलेल्या मक्याचा, ॲसिटाल्डिहाइडचा हिरव्या सफरचंदाचा. हे पुस्तकातून कसं कळणार? नाकालाच सवय हवी. हिरवी बाटली उन्हात ठेवून प्रकाशाने बिघडलेली बीअर घरी अभ्यासता येते, पण बाकीच्या दोषांचं काय?

मुंबईत एकत्र बसून असा सराव करणारं कुणी आहे का? दोषांचे नमुने मिसळायचे किट इथे कुणी मागवलंय का? आणि म्युनिकजवळच्या डोमेन्स अकादमीचा बीअर सोमेलिएचा कोर्स कुणी केला असेल, तर इथल्या नोकरीसाठी तो उपयोगी पडला की सिसरोनच बरा, हेही सांगा.

सोमवारी मला सुट्टी असते. ठाणे, वाशी, कुठेही येईन.