जुनी १६१३ जानेवारीत श्रीनगरला न्यायची आहे, इंजिन ऑईल कोणतं टाकू?

कांदावाला:
टाटा १६१३ ट्रक, २००७ चं मॉडेल, बीएस-२ (जुन्या प्रदूषण नियमांचं इंजिन). इंजिनचं काम एकदा झालंय, त्यावर साडेतीन लाख किमी. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑईल खाते. सध्या २०डब्ल्यू-५० आहे. लासलगावहून कांदा भरून श्रीनगर, तिथे दोन-तीन रात्री उघड्यावर मुक्काम. एक मिस्त्री म्हणतो जुन्या इंजिनाला जाडच ऑईल हवं, पातळ टाकलं की ऑईलचं प्रेशर पडेल. दुसरा म्हणतो ५डब्ल्यू-३० सिंथेटिक टाका. कुणाचं ऐकू?

पंप-नोझल:
दोघांचंही नको. १५डब्ल्यू-४० टाका.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनाचा, नंतरचा गरम इंजिनाचा. मिस्त्रीला भीती आहे ती गरम इंजिनातल्या प्रेशरची, म्हणजे डब्ल्यूनंतरच्या आकड्याची. १०० अंशांवर ४० ग्रेडची जाडी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते, ३० ग्रेडची ९.३ ते १२.५. बेअरिंगची घिसाई झालेल्या इंजिनात ५डब्ल्यू-३० म्हणूनच नको. पण डब्ल्यूच्या आधीचा आकडा २० वरून १५ वर आणल्याने गरम प्रेशरला काही होत नाही. ५० चं ४० केल्याने प्रेशरचा काटा थोडा खाली येईल, तेवढं धरून चाला.

श्रीनगरला चिल्लई कलांत (२१ डिसेंबरपासून ४० दिवस) रात्री उणे ५-६ नेहमीचं. २०डब्ल्यू ऑईलची सेल्फ (स्टार्टर मोटर) फिरण्याची चाचणी उणे १५ ला होते, १५डब्ल्यूची उणे २० ला. म्हणजे कागदावर तुमचं २०डब्ल्यूही चालेल. गोची वेगळीच आहे. या इंजिनात ग्लो प्लग (थंडीत आतली हवा तापवणारे हीटर) नाहीत, हवा दाबून जी तापेल तेवढ्यावरच डिझेल पेटतं. रिंगा-लायनर झिजलेत, कॉम्प्रेशन आधीच कमी. त्यात जाड ऑईलमुळे सेल्फ जड फिरला की दाबली जाणारी हवा रिंगांतून निसटते आणि हवी तेवढी तापत नाही. मागून पांढरा धूर येतो, डिझेलचा वास येतो, इंजिन काही पकडत नाही. म्हणून इंजिन जितकं जुनं, तितका डब्ल्यूच्या आधीचा आकडा लहान हवा. लोक नेमकं उलटं करतात.

डब्यावर सीआय-४ किंवा सीके-४ (डिझेल इंजिन ऑईलचे दर्जे) बघा. सीके-४ जुन्या इंजिनालाही चालतं. एफए-४ लिहिलेलं घेऊ नका, ते मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं. नुसतं 'एसएन' लिहिलेलं कारचं ऑईलही नको. डिझेलची काजळी धरून ठेवण्यासाठी ते बनवलेलं नसतं.

कांदावाला:
आणि पुढे कारगिल-द्रासचं भाडं मिळालं तर?

पंप-नोझल:
तिथे पारा उणे २० च्याही खाली जातो. १०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४०, पण डिझेल ग्रेडचं. डब्ल्यूनंतरचा ४० सोडायचा नाही. एका भाड्याच्या आशेवर आत्ताच महाग ऑईल भरू नका.

काळं ऑईल:
ऑईल घरूनच बदलून निघा. इंजिन गरम असताना चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्याचा) नट काढा, वीस मिनिटं निथळू द्या, नटाचा वॉशर नवा टाका, फिल्टर बदला. मग स्टॉप (इंजिन बंद करायची केबल) ओढून धरून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये दोन मिनिटं थांबा. प्रेशरचा काटा हलला की मगच स्टार्ट. सपाट जागेवर दहा मिनिटं उभी ठेवून डिपस्टिक बघा.

नवं ऑईल आतला जुना गाळ सोडवतं, म्हणून परत आल्यावर फिल्टर पुन्हा बदला. येऊन-जाऊन चार हजार किमी धरा, म्हणजे दोन लिटर खाईल. त्याच ग्रेडचा पाच लिटरचा कॅन बरोबर ठेवा.

तिकडे सकाळी ऑईल भरायच्या झाकणाच्या आतून पांढरट लोण्यासारखं दिसलं तर लगेच हेड गॅस्केट उघडायला बसू नका. आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) इंजिन नीट तापत नाही, आतली वाफ झाकणाला थिजते. डिपस्टिकवरचं ऑईल स्वच्छ आणि रेडिएटरचं पाणी जागच्या जागी असेल तर काळजी नाही. उलट डिपस्टिकवर पातळी *वाढलेली* दिसली आणि डिझेलचा वास आला, तर गाडी पुढे काढू नका. फीड पंप किंवा नोझलमधून डिझेल चेंबरमध्ये उतरतंय.

चेंबरखाली शेकोटी करायची नाही. तळाचं ऑईल जळून कोळसा होतो, शेजारी डिझेलचे पाइप असतात. ऑईल पातळ करायला रॉकेल ओतणारेही आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलावं!

सहाचाकी:
ऑईलवर एवढी चर्चा, पण गाडी बंद पडली तर बहुतेक डिझेलने पडेल. आपल्याकडच्या साध्या डिझेलमधलं मेण थंडीत गोठतं आणि फिल्टर चोक होतो. लासलगावची टाकी तिकडेपर्यंत नेऊ नका. जम्मूला पोचताना टाकी जवळजवळ रिकामी असेल असा हिशोब ठेवा, तिथे पुढच्या वाटेपुरतंच भरा आणि मुक्कामाचं डिझेल काश्मीर खोऱ्यातल्या पंपावर भरा. एक डिझेल फिल्टर जादा ठेवा. लडाखसाठी इंडियन ऑइलचं उणे ३३ चं हिवाळी डिझेल २०१९ पासून निघालंय.

रेडिएटरमध्ये साधं पाणी असेल तर ते गोठून इंजिनचा ब्लॉक फुटेल. कुलंट-पाणी निम्मं-निम्मं, आणि आधीचं सगळं पाणी ब्लॉकच्या कॉकमधूनही (पाणी सोडायच्या तोटीतून) काढा, नुसतं रेडिएटरचं नाही. ब्रेकच्या एअर टाक्यांत साचलेलं पाणी रोज संध्याकाळी सोडा, नाहीतर ते ब्रेकच्या लाइनमध्ये गोठतं.

कांदावाला:
कॉक गंजून बसलाय, फिरत नाही.

सहाचाकी:
जोर लावलात तर तुटून भोकातच राहील. गरम इंजिनावर गंज सोडवायचा स्प्रे मारा, रात्रभर ठेवा, मग पान्याने थोडा मागे, थोडा पुढे. निघाला की नवाच टाका. निघण्याच्या आठवडाभर आधी हे काम धरा.