खुनी शेवटपर्यंत ओळखता आला नाही, तरीही उत्कंठा का वाटली नाही?

प्रश्न (रावपुरा, बडोदे)

गेल्या रविवारी आम्ही घरातले पाच जण अलकापुरीत एक नवा रहस्यपट पाहून आलो. त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा अनुभव मला अलीकडे वारंवार येऊ लागला आहे. एका लहान गावात तीन खून होतात, तपास अधिकारी सव्वादोन तास धावपळ करतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत कळते की पोलिसांसाठी छायाचित्रे काढणारा, तोवर जेमतेम दोनदा पडद्यावर आलेला माणूसच खुनी आहे. आमच्यापैकी एकालाही तो ओळखता आला नव्हता, म्हणजे रहस्य टिकले असेच म्हणावे लागेल. पण मध्यंतरानंतर आईला झोप लागली आणि मलाही पुढे काय होणार याची ओढ एकदाही वाटली नाही. रहस्य टिकूनही उत्कंठा निर्माण होत नाही, हे कशामुळे घडत असावे?

उत्तर १ (दांडिया बाजार)

आपण रहस्य आणि उत्कंठा हे दोन शब्द वेगळे वापरलेत, त्यातच अर्धे उत्तर आहे. रहस्यपटांसाठी प्रसिद्ध असलेले दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हा भेद एका उदाहरणाने स्पष्ट केला होता. टेबलाखाली बाँब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर साध्या गप्पा चालू असताना स्फोट होतो आणि पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. पण तो एक वाजता फुटणार हे प्रेक्षकाला ठाऊक असेल आणि घड्याळात पाऊण वाजलेला दिसत असेल, तर त्याच निरर्थक गप्पा पंधरा मिनिटे जीव टांगणीला लावतात. आपल्या चित्रपटाने सगळी भिस्त त्या पंधरा सेकंदांवर ठेवली. प्रेक्षकापासून सगळेच लपवले, तर त्याने भ्यायचे तरी कशाला?

उत्तर २ (मांजलपूर)

दांडिया बाजारच्या दादांशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त उदाहरणासाठी इतके दूर जाण्याची गरज नाही. बी. आर. चोप्रा यांचा १९६० सालचा ‘कानून’ पाहावा. त्यातील तरुण वकील आपल्या होणाऱ्या सासऱ्याला, म्हणजे एका न्यायाधीशाला, खून करताना पाहतो. पकडला जातो एक भुरटा चोर, आणि त्याचा बचाव करण्यासाठी हा वकील त्याच न्यायाधीशासमोर उभा राहतो. त्याने जे पाहिले ते त्याला ठाऊक आहे आणि आपल्यालाही, म्हणून न्यायालयातील प्रत्येक प्रश्नाला धार येते. (शेवट सांगत नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांचा आनंद जाऊ नये.) त्यात एकही गाणे नाही. १९६९ सालच्या ‘इत्तेफाक’मध्येही गाणी नाहीत, आणि तो तर ‘धुम्मस’ या गुजराती नाटकावरून घेतलेला आहे, याचा आपल्या शहरातल्या नाटकवेड्यांना आनंद व्हावा. एक घर आणि एक रात्र एवढ्यावर त्याने प्रेक्षकाला धरून ठेवले. सव्वादोन तास गावभर धावणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा बंद खोलीत अडकलेली दोन माणसे अधिक ताण निर्माण करतात.

उत्तर ३ (कारेलीबाग)

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. खुनी शेवटपर्यंत लपवणे हा दोष नाही. चांगल्या रहस्यकथा तेच करतात आणि तरीही खाली ठेववत नाहीत. मात्र त्या वाचकासमोर दुवे मांडून ठेवतात, त्यामुळे तो मनातल्या मनात तपास करत राहतो आणि उलगडा झाल्यावर ‘हे तर समोरच होते’ असे त्याला वाटते. दोनदाच दिसलेल्या माणसाला शेवटी खुनी ठरवणे ही प्रेक्षकाची फसवणूक आहे, आणि ती मला संथपणापेक्षा अधिक खटकते. आणखी एक विचारतो: पार्श्वसंगीत सतत घुमत होते का? दार उघडले, चहा आणला, फोन वाजला, अशा प्रत्येक प्रसंगी तोच गडगडाट ऐकू आला की खऱ्या संकटाच्या क्षणासाठी दिग्दर्शकाच्या हाती काहीच उरत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

संगीत अगदी तसेच होते. आपली तिघांची उत्तरे वाचल्यावर मला चित्रपटातला एक प्रसंग पुन्हा आठवला. तिसरा खून होण्याच्या आदल्या दिवशी तो छायाचित्रकार त्या मुलीच्या घरी येतो, ती त्याला चहा देते आणि घरात एकटीच आहे असे सहज बोलून जाते. तो खुनी आहे हे आम्हाला तेव्हा ठाऊक असते, तर आईला झोप लागली नसती. साखर किती घालू, हे तिने त्याला दोनदा विचारले होते, आणि मी त्या वेळी घड्याळ पाहत होतो.