आणखी दोन माग घ्यायचे की मार्केटिंगला पैसा लावायचा?

टेरीटॉवेल_सोलापूर:
अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, १२ यंत्रमाग. अण्णांनी तीस वर्षं दोनच व्यापाऱ्यांना माल दिला. दिवाळीनंतर त्यातल्या एकाने मालाची उचल निम्मी केली, उधारी चार महिन्यांवर नेली. चार माग बंद आहेत. आता बँक कर्ज द्यायला तयार आहे, तर अण्णांना त्यात दोन जुने माग घ्यायचेत. मी म्हणते, त्यातला थोडा पैसा नमुने, फिरती आणि विक्रीच्या माणसावर लावू. अण्णांचं एकच उत्तर, "चांगला माल आपोआप विकतो." कसं पटवू?

धोटा:
ताई, मीही तुमच्याच धंद्यात आहे आणि अगदी अण्णांसारखंच म्हणायचो. २०१९ मध्ये व्यापाऱ्याने हात आखडला तेव्हा नमुन्यांची पिशवी घेऊन पुण्याला गेलो. एका लॉजच्या मॅनेजरला मी वजन, मऊपणा, लूपची दाटी सगळं सांगत होतो. त्याने मला सरळ मागच्या धुलाईच्या खोलीत नेलं. तिथल्या माणसाने टाकून दिलेला एक टॉवेल उलगडून दाखवला. मधला भाग चांगला होता, फक्त कडेची शिलाई उसवली होती आणि धागे लोंबत होते. म्हणाला, "आमचा टॉवेल मधून झिजत नाही, कडेने जातो."

इतकी वर्षं टॉवेल विणतोय, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. व्यापारी भाव सांगतो, वापरणारा काय म्हणतो ते त्याच्यापाशीच राहतं. परत येऊन कडेला दुहेरी शिलाई सुरू केली. नगामागे खर्च थोडा वाढला, पण ते लॉज आजही माल घेतं, आणि त्यांच्या ओळखीने आणखी तीन मिळाली. मी यालाच मार्केटिंग म्हणतो. जाहिरात फार पुढची गोष्ट. आणि पहिल्या फेरीला अण्णांनीच जावं. पगारी माणूस ऑर्डर आणेल, पण शिलाई बदलायचा निर्णय मालकच घेऊ शकतो.

खातेवही:
मी यंत्रमागवाल्यांचे हिशेब लिहितो. मागाचा खर्च ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसतो, घसारा, म्हणजे झिजेपोटी धरलेला खर्च, वर्षावर्षाने निघतो. फिरती, नमुने, जाहिरात हा खर्च मात्र सगळा त्याच वर्षीच्या नफ्यातून जातो. त्यामुळे माग म्हणजे कमाई आणि मार्केटिंग म्हणजे उधळपट्टी असं मालकाला वाटतं. ही निव्वळ नोंदीची पद्धत आहे. बंद मागाचाही घसारा निघतो आणि हप्ताही जातोच. अण्णांसमोर त्या चार बंद मागांचा महिन्याचा खर्च मांडा.

चाटी_गल्ली:
एक राहिलं. सोलापुरी चादरीसारखंच आपल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे हा माल याच भागातला अशी सरकारी नोंद. १९९९ च्या कायद्याखाली उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते. बाहेरगावचा माल सर्रास "सोलापुरी" म्हणून खपतो आणि आपण खरे सोलापूरवाले साध्या पिशवीत बिननावाचा माल देतो, याचं फार वाईट वाटतं. नोंदणी करा, लेबल लावा.

टेरीटॉवेल_सोलापूर:
धोटादादांचं उत्तर अण्णांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. उठून न्हाणीघरातला आमचाच जुना टॉवेल आणला आणि कडेवरून बोट फिरवत बसले. गुरुवारी पुण्याला निघतोय, दोघंही. नव्या नमुन्यांबरोबर तो टॉवेलही त्यांनी पिशवीत ठेवलाय.